साडेचारशे मेगाहर्ट्झ

नवरा आखातात नोकरीला. एका सुट्टीत त्याने कल्याणहून कॉम्प्युटर आणला, मला चालू-बंद करायला शिकवलं आणि परत गेला. किन्हवलीच्या घरात उरलो मी, सासूबाई आणि ते यंत्र. सासूबाई बहुतेक वेळ शेतावर असत. घर खायला उठायचं, म्हणून मी यंत्राशीच झटापट करू लागले.

त्यातला प्रोसेसर सगळ्यात स्वस्तातला, तीनशे मेगाहर्ट्झचा. शहापूरहून आणलेल्या मासिकात वाचलं, की या गड्याच्या अंगात दम असतो, कंपनीच त्याला हळू चालवते. चालू होताना एक कळ दाबली की निळा पडदा येतो. तिथला एक आकडा वाढवला तर तो साडेचारशेने धावतो. फक्त तापतो फार. लेखात नुसतं 'मित्रांनो' म्हटलं होतं, 'मैत्रिणींनो' कुठेच नाही. मी म्हटलं, मला नाही तर नाही, आकडा तर मलाही बदलता येतो.

आकडा बदलला, आणि धावला! एकटीनेच टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या डोक्याने केलं होतं, आणि मला ते नवऱ्याला सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला नाही.

मग दुपारी यंत्र सारखं बंद पडू लागलं. आकडे तपासून मी रडकुंडीला आले. शेवटी कळलं, तापू नये म्हणून मी यंत्राचा डबा उघडून समोर टेबलफॅन लावला होता, तो सासूबाई जेवायला आल्या की बंद करत होत्या.

"माणूस नाय तिथं वारा कुणाला गो?"

"त्याला गरम होतं, आई."

त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि गुपचूप फॅन लावला.

नवऱ्याचा फोन शेजारच्या दुकानात यायचा. गिऱ्हाइकं कान टवकारून उभी. "आई बरी हाय ना? भात कापला का?" एवढ्यात लाइन कटायची. फोनवर काही जमणार नव्हतं. आल्यावर समोर बसवून दाखवीन, असं ठरवलं आणि त्याच एका आशेवर वर्ष काढलं.

तो ठरल्याआधीच आला. मी डोळखांबला माहेरी लग्नाला गेले होते. परतले तर कॉम्प्युटर लखलखीत पुसलेला, डब्याचं झाकण स्क्रू आवळून बंद.

"कल्याणला सर्व्हिसिंग करून आणला," तो खुशीत म्हणाला. "दुकानदार बोलला, कोणीतरी सेटिंग बिघडवलीय. परत तीनशेवर केलाय. तू हात लावलेला का?"

वर्षभर मनात घोळवलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

"नाय," मी म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं?"