सत्त्याण्णव रोपं

असोद्याच्या शेतात केळीची लागवड संपली, तेव्हा रोपांच्या सत्त्याण्णव पिशव्या उरल्या. विहिरीजवळच्या रिकाम्या तुकड्यात त्या मीच लावतो, असं मी थोरल्या भावाला सांगून बसलो. जळगावच्या ऑफिसात बसून सुटलेल्या माझ्या पोटाकडे पाहत तो म्हणाला, "लाव. पन ओळी सारख्या पाह्यजे. नाही जमलं त पुन्हा शेतीतलं काही सांगू नको मले, साहेब."

मी हट्टाला पेटलो. आठ ओळी मांडल्या, एक पिशवी उरली. सगळ्या उचलून सहा ओळी केल्या, तरी एक उरली. बारा केल्या, पुन्हा एकच. कंबर धरून मी परत मोजायला लागलो.

"एखांदं खाऊन टाक ना!" भाऊ विहिरीवरून ओरडला.

शेवटी खाली बसून मी डोकं वापरलं. सत्त्याण्णवला दोन, तीन, पाच, सात कशानंच भाग जात नव्हता, आणि दहा दाहे शंभर, म्हणजे पुढे बघायची गरजच नव्हती. मूळ संख्या!

"भाऊ, ब्रह्मदेव आला तरी याच्या सारख्या ओळी होणार नाहीत."

"एक ओळ त होते ना?" त्यानं लांबलचक बांधाकडे बोट दाखवलं.

मूळ संख्येला एकानं भाग जातो, हे मी शाळेत पाठ केलं होतं. मी कुदळ उचलली. अंधार पडेपर्यंत पंचेचाळीस खड्डे झाले. उरलेले बावन्न दुसऱ्या दिवशी रजा टाकून खणले.