मालकाला दिलेली किल्ली

माझ्या नोकरीतली बरीच प्रकरणं मी मित्रांना रंगवून सांगतो. हे एक प्रकरण मात्र कधी सांगितलं नाही. तपास म्हणाल तर तो उत्तम झाला, खरा लबाड उघडा पडला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरीही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

विट्याच्या बाजूला एका तालुक्याच्या गावी मी पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. नावं सांगत नाही. बायपास नुकताच झाला होता. बँका, क्लास, दवाखाने आले आणि एकरात बोलणारी माणसं गुंठ्यात बोलायला लागली. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात कमावलेली माणसं गावी येऊन जागा घेत होती. मीही दोन गुंठे घेऊन ठेवले होते, हे लपवत नाही. घरमालकांना अचानक कळलं की आपली मागची पडकी खोलीसुद्धा सोन्याची आहे. जुने भाडेकरू त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागले.

असाच एक भाडेकरू म्हणजे टेलरचाचा. अख्खं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. गलाईवाल्या एका मालकाच्या घरामागच्या दोन खोल्यांत ते आणि चाची एकोणीस वर्षं राहत होते. राहणं तिथंच, शिलाईचं मशीनही तिथंच, खिडकीजवळ. जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवून वर्ष काढायचं, असा त्यांचा संसार. मालकानं दोनदा खोल्या सोडायला सांगितलं होतं. नव्या भाड्यात गावात त्यांना एक खोलीसुद्धा मिळत नव्हती, म्हणून ते हात जोडून थांबले होते.

एके दिवशी मालक ठाण्यात आले. बायकोचं गंठण चोरीला गेलं म्हणाले. "आवं साहेब, भाडेकरूशिवाय घरात कुणाचा पाय पडत न्हाई," एवढं सुचवलं. फिर्याद नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "मशीनखालचं चिंध्यांचं पोतं बघा," एवढंच म्हणाला. खबर इतकी नेमकी असली की तिच्यावरच आधी संशय घ्यावा, हे मी नव्या फौजदारांना शिकवायचो. त्या दिवशी मात्र खूश झालो. दोन पंच घेऊन गेलो, पोतं उपसलं, तळाशी कागदाची एक छोटी पुडी आणि तिच्यात गंठण. पंचनामा केला, चाचांना गाडीत बसवलं.

चाची दारात उभ्या होत्या. एकट्या राहायला घाबरत होत्या. मी म्हणालो, कुंडलला बहिणीकडं जा चार दिवस. त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "साहेब, ठाण्यातच ठिवा हं. दुसऱ्या कुणाला दिऊ नगा." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मालक परत आले. आतला नळ चालू राहिलाय, भिंतीत ओल चढतीय, म्हणाले. आमच्याकडं घरमालक म्हणजे घराचा जबाबदार माणूस, असं सगळेच धरून चालतात. मीही तसंच धरलं. साध्या कागदावर पोच घेऊन किल्ली त्यांना दिली. चहा पिता पिता दिली.

चाचांची चौकशी मीच केली. माणूस खोटं बोलतो तेव्हा तो उत्तरात सापडत नाही, उत्तराआधी जिथं थांबतो तिथं सापडतो, हा माझा अनुभव. चाचा कुठंच थांबले नाहीत. "त्यांच्या पोरांची शाळेची कापडं मीच शिवली साहेब. मी कशाला हात लावीन?" मी ओरडलो, टेबलावर काठी आपटली, नको ते बोललो. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला बोललो. ते नुसते म्हणाले, "एवढी शुक्रवारची नमाज ऱ्हायली, तेवढी करू द्या."

चौथ्या दिवशी कोठडीतून त्यांनीच मला एक गोष्ट दाखवली. म्हणाले, "साहेब, रागावू नगा. मी टेलर हाय. मला सोनं लपवायचंच असतं, तर चिंधीत गुंडाळून दोन टाके मारले असते. कागदाची पुडी मी कशाला घालू? मला जमत बी न्हाई."

मी मुद्देमालातली पुडी काढून पाहिली. कागद तिरका धरून घडी, टोकं आत खोचलेली, हलवली तरी सोन्याचा कण सांडणार नाही अशी, गलाईवाले घालतात तशी. चाचांना कोरा कागद दिला. त्यांच्या हातून झाला तो बोळा.

मग मालकांना एक सही राहिलीय म्हणून बोलावलं. गप्पा मारता मारता माझ्या पित्ताच्या गोळ्या टेबलावर काढल्या, कागद पुढं सरकवला आणि म्हणालो, "जरा एवढ्या बांधून द्या, खिशात सांडतात." मालक जावयाच्या नोकरीबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांच्या बोटांनी पुडी घातली. तिरका कागद, तीच घडी, तीच टोकं. मी मुद्देमालातली पुडी शेजारी ठेवली. त्यांचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. पुढच्या अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. चाचा नमाजला आणि चाची दार नुसतं लोटून बाजाराला गेल्या असताना गंठण त्यांनीच ठेवलं होतं, फोन मेव्हण्याकडून करवला होता.

चाचांना सोडलं. पुढं न्यायालयात फिर्याद खोटी असल्याची 'ब' समरी पाठवली, खोट्या फिर्यादीबद्दल मालकांवर कारवाई केली. साहेबांचा फोन आला, शाबास म्हणाले.

सोडलं त्याच संध्याकाळी चाचा परत ठाण्यात आले. त्यांच्या खोल्यांत बँकेतल्या एका माणसाचं कुटुंब राहायला आलं होतं. करारनामा झालेला, भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म भरलेला. त्या फॉर्मवर आमच्या ठाण्याचा शिक्का आणि खाली माझी सही. गठ्ठ्यात आला होता, मी न वाचता सही केली होती. मशीन आणि भांडी अंगणात ताडपत्रीखाली पडली होती.

"साहेब, माझी किल्ली?" चाचा म्हणाले.

मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत होतं. किल्ली भाडेकरूची होती, मी चुकून दुसऱ्याला दिली, एवढं कागदावर लिहून द्यायचं. त्या कागदाच्या बळावर चाचांना ताबा मागता आला असता. पण तसं लिहिलं असतं तर माझी खातेनिहाय चौकशी लागली असती. बढतीची यादी निघायची होती. मी म्हणालो, "चाचा, ही दिवाणी बाब आहे. तुम्ही कोर्टात जा."

ते कोर्टात गेले नाहीत. कोठडीत राहून आलेल्या माणसाला गावात कुणी खोली दिली नाही. कुणी नाव ऐकून नाही म्हणालं, कुणी भाडं सांगून. दोघं तासगावकडं एका बेदाण्याच्या शेडवर निवडीच्या कामाला गेले, कारण तिथं पत्र्याची खोली फुकट होती. मशीन विकावं लागलं. मला बढती मिळाली.

निवृत्त झाल्यावर त्या दोन गुंठ्यांवर मी घर बांधलं. वरचा मजला भाड्यानं द्यायचा ठरला, तेव्हा मी शेड शोधत गेलो. चाचा पाटीत बेदाणे निवडत होते, नजर कमी झालेली. चाचींनी मला ओळखलं आणि पाणी दिलं, हेच मला जास्त लागलं. मी म्हणालो, "चाचा, माझं चुकलं. वरचा मजला तुमचा. जुनंच भाडं द्या. खिडकी आहे, मशीन मी आणतो."

चाचांनी हातातला बेदाणा पाटीत टाकला. "कुलपाला किल्ल्या किती हायत साहेब?"

"दोन."

"दोनी मला द्याल?"

द्यायला काहीच हरकत नव्हती. तरी मी थांबलो. घर माझं, एक किल्ली आपल्याकडं असावी, एवढाच विचार मनात येऊन गेला. मग मी "हो" म्हणालो, अगदी मनापासून म्हणालो.

चाचा हसले. "ऱ्हाऊ द्या साहेब. हितं कुलूपच न्हाई, लय बरं हाय."

माणूस उत्तराआधी कुठं थांबतो ते पाहायला मी आयुष्यभर शिकलो आणि शिकवलं. त्या दुपारी चाचांनी मला तसंच पकडलं. वरचा मजला अजून रिकामा आहे. भाव विचारायला माणसं येतात, मी नाही म्हणतो. दोन्ही किल्ल्या माझ्याच कपाटात आहेत.