आबांचे कललेले खांब

सुतारआबांच्या कानामागची पेन्सिल जेवतानासुद्धा हलत नसे. ती निघे फक्त भाजे गावच्या बौद्ध लेण्यात. चैत्यगृहासमोर आले की वहाणांबरोबर आबा पेन्सिलही काढत आणि खिशात घालत. म्हणत, "थोरल्यांम्होरं हत्यार मिरवू न्हाई."

लग्न होऊन मी मळवलीला आले, तेव्हा ते आमचे शेजारी. नव्या सुनेला देवळाआधी लेणी दाखवणारा हा एकच म्हातारा! थोरले म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी अख्खा डोंगर वरून खाली कोरत आलेले कारागीर. आबा त्यांच्याविषयी चुलत्या-मामांसारखे बोलत. "ही मूळची सुतारच, पोरी. खांब बघ, आत कललेत. लाकडी घरात छपराचा रेटा पेलाया कलवत्यात. दगडाला काय गरज? पर हात सवय इसरला न्हाई." वर छताला भिक्खूंच्या काळातल्या लाकडी कमानी अजून होत्या. मी मान दुखेपर्यंत बघत राहिले.

पुढे गावाने मारुतीचा सभामंडप आबांना सांगितला. त्यांनी हौसेने सगळे खांब भाज्यासारखे आत कलते उभे केले. झालं! मंडप पडणार म्हणून बायका आत बसेनात. पंच म्हणाले, खांब सरळ करा, नाहीतर दुसरा सुतार बघतो. आबांनी जन्मात असं ऐकून घेतलं नव्हतं. ते पंचांना थेट लेण्यात घेऊन गेले. मीही मागोमाग गेले.

पंच आत शिरले. सरपंचांनी डोक्याची टोपी काढली. म्हणाले, "आबा, लय मोठं हाय हे. पर ह्याला डोंगुर धरून हाय. आमच्या डोक्यावर कौलं हायेत."

मला सरपंचांचा असा राग आला! आबांनी मात्र दुसऱ्याच दिवशी सांधे सोडवायला घेतले. "भ्यालेल्या मानसाला वर बघता येत न्हाई," एवढंच म्हणाले. मंडप चारचौघांसारखा सरळ झाला. बायका निवांत भजनाला बसू लागल्या.

त्यानंतर आबा लेण्यात एकदाच आले, माझ्यासोबत. दम लागला होता. एका खांबावर तळवा टेकून उभे राहिले.

"त्यांनी डोंगराचं लाकूड केलं, पोरी," ते म्हणाले. "मला लाकडाचा डोंगुर करता आला न्हाई."