पळणारा पंखा

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा वास आला की धरणापलीकडचा आमचा पाडा आठवतो. होडीच्या इंजिनाला लावायचे, पाण्यात फिरून होडी पुढे ढकलणारे दोन पंखे दुकानदाराने दाखवले होते, एक ओझं ओढणारा, दुसरा जोरात पळवणारा. भावाने दुसरा घेतला आणि रिकामी होडी त्यावर सुसाट सुटली. पुढे वहिनी बाळंतपणात अडली. तिला शहापूरच्या दवाखान्यात न्यायला आमच्या रीतीप्रमाणे घराघरातलं माणूस सोबतीला होडीत चढलं. भर पाण्यात इंजिन गुदमरलं, होडी पुढे सरकेना. "एवढं ओझं झेपत नाय गो याला," भाऊ रडकुंडीला येऊन आईला म्हणाला. वल्ही मारत कसेबसे पाण्यातल्या टेकडीला लागलो, भाऊ, वहिनी नि सुईण सोडून सगळे उतरलो. "जा रे, आमी थांबतो," आई म्हणाली. तिन्हीसांजेला भाऊ एकटाच सुसाट परतला. त्याचं तोंड बघून आईने हंबरडा फोडला. आजही पाण्यावरून वेगाने येणारी होडी दिसली की मी आधी आतली माणसं मोजतो.