कमी बर्फाचं गाव

अमेरिकेत सगळ्यात जास्त बर्फ कुठं पडतो, हे आमच्या घरात आता मला कुणी विचारत नाही.

पूर्वी विचारायचे. का विचारू नये? सोलापुरातल्या एका शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. बर्फ मात्र डोळ्यांनी पाहिला तो आमच्या जुन्या फ्रिजच्या वरच्या खणातच. तो साचून दार लागेना, म्हणून मी सुरीनं खरवडायला गेलो. आतून ‘फुस्स’ असा आवाज आला आणि फ्रिज कायमचा गेला. (मंगल, म्हणजे आमची सौ., हा प्रसंग पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबरच ऐकवते.) पण ज्ञान वेगळं आणि अनुभव वेगळा, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

सुरुवात झाली कोमलपासून. कोमल माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. आक्काला दिलंय माळशिरस तालुक्यात. दाजींची थोडी शेती आणि दीडशे मेंढरं. कोमल मात्र आमच्याकडं सोलापुरात राहून इंजिनीअर झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिला अमेरिकेतून दोन ठिकाणची पत्रं आली. एक मिनियापोलिसचं, दुसरं सिरॅक्यूजचं. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि मग दाजींनी हात पुसत अट घातली.

“जाऊ दे की पोरीला. पन जितं बरफ कमी हाय तितंच. लई बरफ असंल तर न्हाय पाठवनार. तिच्या बोटांचं काय?”

बोटांचं खरंच होतं. सोलापूरची थंडी ती काय, डिसेंबरात चार दिवस स्वेटर घालायचा आणि पाचव्या दिवशी पंखा लावायचा! पण तेवढ्यातही कोमलची बोटं लाल होऊन सुजायची. लहानपणी आक्का तिला चुलीपुढं बसवून ती शेकायची. तेव्हा दाजींचं म्हणणं कुणालाच खोडता येईना. आक्का तर पदराला डोळे पुसायलाच लागली.

“मास्तर सांगतील त्या गावाला जाईल ती,” दाजी म्हणाले. ते मला मास्तरच म्हणतात.

“मामा, सिरॅक्यूजला माझ्या विषयाचं खूप चांगलं...” कोमलनं तोंड उघडलं.

“विषय नंतर! आधी हवामान!” मी म्हणालो. मुलीनं मान खाली घातली. मला वाटलं, आदरानं घातली.

चार दिवस मी घरातलं दुसरं कुठलंही काम केलं नाही. (मंगलच्या मते हे वाक्य एरवीही खरं आहे.) भिंतीवर अमेरिकेचा नकाशा लावला, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला आणि एकेका शहराला पेपर तपासावा तसे गुण द्यायला सुरुवात केली. पश्चिमेकडचे डोंगर: बर्फ छपराला लागतो, पण तिथं शिकायला जातंय कोण? बाद. फ्लोरिडा: बर्फ नाही, पैकीच्या पैकी, पण तिथून पत्रच नाही. सिअ‍ॅटल: बर्फ थोडा, पाऊस फार, काठावर पास. बोस्टनला बर्फ पडतो असं ऐकून होतो, पण शेजारी समुद्र दिसला म्हणून सहानुभूतीचे दोन गुण वाढवून दिले. बोस्टनचा आमच्या प्रश्नाशी काहीच संबंध नव्हता, पण एकदा लाल पेन हातात आलं की माझं थांबणं अवघड असतं.

“अहो, मोबाईलवर बघा ना सरळ,” मंगल म्हणाली.

बघितलं. मी काही हट्टी माणूस नाही. सिरॅक्यूज टाकलं, तर स्वच्छ ऊन! गार वारा! छान हवा!

“हे बघ! ऊन आहे!”

“अहो, मे महिना चाललाय.”

“बर्फाच्या गावाला मे काय नि डिसेंबर काय!” मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून माझे कान तापतात.

पाचव्या दिवशी सगळ्यांना नकाशापुढं बसवलं आणि हातात पट्टी घेतली.

“मिनियापोलिस वर उत्तरेला आहे. जितकं उत्तरेला तितका बर्फ. नापास! आता सिरॅक्यूज बघा. हे जरा खाली, आणि शेजारी हे एवढं मोठं सरोवर. पाण्याजवळची हवा सम असते, हे मी तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलंय. आपल्या उजनीचंच घ्या. धरणाच्या काठाला थंडी मऊ असते की नाही?”

“व्हय,” दाजी म्हणाले. दाजी दरवर्षी मेंढरं घेऊन उजनीच्या काठाकाठानं हिंडतात, त्यामुळं माझ्या बाजूनं साक्षीदारच मिळाला. “सरवर केवढं हाय म्हनायचं?”

“उजनी त्यात टाकली तर शोधत बसावं लागेल.”

“आन वारं कुटनं येतंय?”

“वारं?”

“न्हाय, पान्यावरनं गावाकडं येतंय, का गावाकडनं पान्याकडं जातंय? पान्यावरनं येत असंल तर आमी त्या अंगाला मेंढरं बसवत न्हाय. सकाळपातूर लोकर वली हुती.”

“दाजी,” मी जरा मोठ्या मनानं हसलो, “हा मेंढरांचा प्रश्न नाही. हे हवामानशास्त्र आहे.”

“बरं,” दाजी म्हणाले. मी सिरॅक्यूजभोवती लाल गोल काढला. कोमल उठून माझ्या पाया पडली. आक्कानं डोळे पुसले. त्या दिवशी मी आरशासमोरून दोनदा गेलो.

यानंतर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कोमलची बॅग भरायची होती. ती बॅग दाजींच्या कोकरं तोलायच्या काट्याला लावून आम्ही झोपाळ्याच्या कडीला टांगली, तर वजन जास्त भरलं. वर ठेवलं होतं दाजींनी आणलेलं घोंगडं. त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीचं, काळंभोर, जाडजूड आणि जरा वास येणारं.

“हे कशाला? कमी बर्फाचं गाव आहे! आणि तिथं लोक काय म्हणतील?” मी ते बाहेर काढलं. (माझ्या स्वतःच्या वडिलांच्या खांद्यावर जन्मभर असंच घोंगडं होतं. सोलापुरात मास्तर झाल्यावर मी ते विसरायची खूप खटपट केली.) त्या जागी शेंगाचटणीच्या दोन पिशव्या बसल्या, कडक भाकऱ्यांचा गठ्ठा बसला आणि सगळ्यात खाली मी माझा जुना जाडा नकाशासंग्रह ठेवला. परक्या मुलखात पोरगी वाट चुकायला नको! वर माझा तक्ताही लॅमिनेशन करून त्यात घातला. दाजी घोंगड्याची घडी मांडीवर घेऊन बघत राहिले.

ऑगस्टात कोमल गेली. नोव्हेंबरात एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ होती.

“मामा, हे बघा!”

खिडकीबाहेर सगळं पांढरं.

“सुरुवातीला पडतो थोडा,” मी म्हणालो. “संध्याकाळपर्यंत वितळेल.”

पुढच्या आठवड्यात तिनं खालचा रस्ता दाखवला. एका ओळीत पांढरे उंचवटे.

“ते काय आहे?”

“गाड्या आहेत, मामा.”

त्याच्या पुढच्या आठवड्यात शेजारचा माणूस फावड्यानं स्वतःचं दार शोधत होता. मी म्हणालो, “व्यायाम चांगला होतो.” मंगलनं माझ्याकडं असं पाहिलं की मी उठून पाणी प्यायला गेलो.

डिसेंबरात कोमल हसत हसत म्हणाली, “मामा, इथं आसपासच्या चार-पाच शहरांत दरवर्षी चुरस असते, सगळ्यात जास्त बर्फ कुणाकडं पडतो म्हणून. बफेलो असतं, रोचेस्टर असतं. बहुतेक वेळा आम्हीच जिंकतो!”

“आणि मिनियापोलिस?” मी हळूच विचारलं.

“माझी मैत्रीण आहे ना तिथं. थंडी तिच्याकडं जास्त, पण बर्फ आमच्यापेक्षा कितीतरी कमी. आमच्याकडं ते सरोवर आहे ना, त्याच्यावरून गार वारं येतं, पाण्याची वाफ उचलतं आणि तिचा बर्फ करून आमच्या डोक्यावर ओततं.”

वारं. पाण्यावरून गावाकडं.

“बोटं कशी आहेत गं?” एवढंच विचारलं, तर ती “छान” म्हणाली आणि चित्र अडकलं. चित्रात तिनं हातमोजे घातले होते, त्यामुळं बोटं काही दिसली नाहीत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बर्फ कुठं कमी पडतो, एवढंच विचारलं होतं पोरीच्या बापानं. आणि अख्ख्या अमेरिकेतली मोठी शहरं चाळून मी नेमकं पहिल्या नंबराचं काढून दिलं होतं! डोळे मिटून नकाशावर बोट ठेवलं असतं, तरी याच्यापेक्षा बरं गाव निघालं असतं.

सकाळी उठून दोन जाड सोलापुरी चादरी आणल्या, कुरिअरवाल्याकडं जायला निघालो, तेवढ्यात दाजींचा फोन आला.

“रविवारी येतो सोलापूरला.”

“काही विशेष?”

“हाय जरा काम. तुमच्याकडंच.”

रविवारपर्यंत मी माफीची तीन भाषणं तयार केली. एक हवामानबदलावर होतं, एक नम्र होतं आणि एकात थेट पाय धरायचे होते. दाजी संध्याकाळच्या एसटीनं आले, हातपाय धुतले, ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि पिठलं शांतपणे जेवले. मी भाताची शितं मोजत होतो. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझा जाडा नकाशासंग्रह माझ्यापुढं ठेवला. आत तक्ताही होता, लॅमिनेशनसकट.

“ही तुमची चोपडी. लई जड हुती.”

“ही... ही तर कोमलच्या बॅगेत होती!”

“काडली. घोंगडं घातलं.”

“कधी?”

“मुंबईला, इमानतळावर. तुमी चहा आनायला गेलता तवा.”

“म्हणजे तिथं बर्फ पडणार हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“वारं कुटनं येतं इचारलं, तर तुमी हसला. तवाच वळखलं, ह्यास्नी काय म्हाईत न्हाय. मग कोमललाच इचारलं. ती म्हनली, आप्पा, लई पडतो. समद्यात लई तितंच पडतो. तिनं मोबाईलात बघितलंवतं की आदीच.”

“पहिल्यापासून?” माझा आवाज चिरकला.

“अहो, मला पण सांगितलं होतं तिनं,” आतून मंगल म्हणाली. पातेलं घासायचं तिनं थांबवलंही नाही.

“मग तुम्ही पाठवलीत कशी, दाजी? तुम्हीच अट घातली होती!”

दाजींनी सुपारी कातरायला घेतली. “पोरगी रडली माज्यापुडं. म्हनली, शिकायचं ते तितंच हाय, बोटांचं मी बघते. आता तिच्या आईला कसं सांगायचं? तुमची बहीन बरफाचं नाव काडलं की डोळ्याला पदर लावती. भावकी म्हनली असती, बापानं जानून-बुजून पोरगी बरफात घातली. मी म्हनलं, मास्तरांनी गाव काडून दिलंय, लाल गोल करून. तीस वर्सं शिकवलंय त्येंनी. मग कुनी काय बोललं न्हाय.”

मी तिन्ही भाषणं मनातल्या मनात गुंडाळून ठेवली.

तेवढ्यात कोमलचा कॉल आला. ती खिडकीत बसली होती, मागं बर्फ होताच आणि अंगावर काळंभोर घोंगडं, अगदी माझे वडील घ्यायचे तसं, डोक्यावरून खोळ करून.

“बोटं दाखव आधी,” मी म्हणालो.

तिनं घोंगड्यातून दहाही बोटं बाहेर काढून नाचवली. एकही सुजलेलं नव्हतं. “इथल्या मैत्रिणी विचारतात, असं कुठं मिळतं म्हणून. मामा, आप्पांनी सांगितलं का? रागावला नाहीत ना? तुम्ही बरोबर उत्तर दिलं असतं, तर मी इथं आलेच नसते!”

तीस वर्षांच्या नोकरीत एवढं कौतुक माझं कुठल्याच विद्यार्थिनीनं केलं नव्हतं. आक्काला मात्र अजून कुणी काही सांगितलेलं नाही. मागं बर्फ दिसला की तिकडं घराला चुना लावलाय, असं दाजी तिला सांगतात, आणि तिला ते पटतं, कारण गाव मास्तरांनी काढलेलं आहे.

आता भावकीतलं कुणी परदेशी निघालं की सगळे दाजींना फोन करतात आणि दाजी विचारतात, “वारं कुटनं येतंय?” मलाही अगदीच वाळीत टाकलेलं नाही. सोलापूरला यायचं असलं की अजून माझ्याकडंच चौकशी होते, की ऊन कसं आहे म्हणून. मी “कडक आहे” असं सांगतो. मग पलीकडून म्हणतात, “बरं, जरा मामींकडं फोन द्या.”