राखून ठेवलेला विंगर

माझं काम चिलर सुरू करून द्यायचं. इमारत उभी राहिली की तिच्या एसीसाठीचा थंड पाण्याचा प्लांट पहिल्यांदा चालवायचा, नुसत्या आवाजावरून कुठला पंप अडखळतोय ते सांगायचं. दुबईत बारा वर्षं मी हेच केलं. मग एका दुसऱ्या कंपनीनं मला बोलावलं आणि ती गोष्ट आमच्या मॅनेजरच्या कानावर गेली. त्यानं मला साइटवरून उचललं आणि ऑफिसच्या मागच्या खोलीत, जुन्या फायलींच्या कपाटांपाशी बसवलं. काम काहीच दिलं नाही. राजीनामा द्यावा तर करारात अट होती, सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात दुसरीकडे काम करायचं नाही.

मी विचारायला गेलो तेव्हा तो हसत म्हणाला, "सॅलरी टाइम पे आ रही है ना? फिर प्रॉब्लेम क्या है?"

अल मनखूलच्या घरी बायकोही जवळपास तेच म्हणाली. "थोडे दिवस काढ. आपला तिघांचा व्हिसा तुझ्या नोकरीवर आहे. पोरीची दहावी होऊ दे." ती चुकीचं बोलत नव्हती. म्हणूनच मला तिचा राग येई.

मागच्या खोलीत अजून एक टेबल होतं. त्यावर कंपनीच्या साइट तपासणारे स्कॉटलंडचे एक म्हातारे इन्स्पेक्टर बसत; मी त्यांना सर म्हणे. रिटायर होऊन गावी परत जायच्या बेतात होते, डोळ्यांत मोतीबिंदू. एके सकाळी त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत पत्रं होती, वर्तमानपत्रातली पिवळी कात्रणं होती.

"माझे आजोबा," ते म्हणाले. "शंभर वर्षांपूर्वी फुटबॉल खेळायचे. आता कुणाला नावही आठवत नाही. मला हे वाचता येत नाही रे. टाइप करून मोठ्या अक्षरात देशील?"

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पण करायलाही काही नव्हतं.

आजोबा कोळशाच्या खाणीतले. बुटके, डाव्या पायाचे, लेफ्ट विंगर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेनं चेंडू पुढे नेणारे. इंग्लंडच्या एका क्लबनं त्यांना गावच्या मैदानावरून थेट उचललं. पहिल्या दोन-तीन मोसमांतली कात्रणं मी टाइप केली, ती सगळी कौतुकाची. बचावाचा खेळाडू बसकण मारेपर्यंत हे त्याला चकवत, मगच चेंडू आत टाकत. मग एका डायरेक्टरशी भांडण झालं. दुखऱ्या गुडघ्यानिशी खेळायला ते नाही म्हणाले, एवढंच. त्या दिवसापासून त्यांना संघात घेतलं नाही आणि सोडलंही नाही.

"सोडलं नाही म्हणजे? करार संपला की माणूस मोकळा ना?" मी विचारलं.

"तेव्हा नाही. क्लबनं तुला राखून ठेवलं की संपलं. त्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे. गावाकडच्या एका क्लबला आजोबा हवे होते. इंग्लंडवाल्यांनी किंमत एवढी सांगितली की तो क्लब मागे हटला."

त्या वर्षांतली पत्रं आजीला लिहिलेली. मंगळवारी पळालो. बुधवारी पळालो. शनिवारी मॅच पाहिली. पगार मिळाला. आठवड्यामागून आठवडे तेच. एका पत्राशी मी थांबलो. माझ्या जागी खेळणारा पोरगा चांगला आहे, असं त्यात लिहिलं होतं, आणि ते खोडून पुन्हा तेच लिहिलं होतं. मी उठून पॅन्ट्रीत गेलो, चहा न घेताच परत आलो.

"मग पुढे काय केलं त्यांनी?"

"दर उन्हाळ्यात क्लबकडून नव्या कराराचा कागद यायचा, ते सही करायचे. एका वर्षी केली नाही. पगार बंद. खाणीत परत गेले, एक अख्खा मोसम फुटबॉल नाही. शेवटी क्लब कंटाळला आणि त्यांना सोडून दिलं. गावाकडच्या छोट्या क्लबकडून थोडं खेळले, पण गुडघा गेलेला होता." सर चष्मा पुसत राहिले. "आमच्या घरात त्यांना मूर्खच म्हणायचे. गप्प बसून पगार घेतला असता तर म्हातारपण बरं गेलं असतं."

"आणि ते स्वतः?"

"फुटबॉलबद्दल कधी बोललेच नाहीत. विचारलं की बाहेर निघून जायचे."

आजोबांनी निदान एकदा 'बरं केलं मी' असं कुठेतरी लिहिलेलं मला हवं होतं. डब्यात तसं एकही पत्र नव्हतं. मी तळापर्यंत शोधलं.

सर रिटायर होऊन गावी गेले. टाइप केलेला गठ्ठा त्यांनी हातातल्या बॅगेत घेतला. मी त्या खोलीत अजून पाच महिने काढले, एकटा. मुलीची परीक्षा झाली त्या आठवड्यात राजीनामा दिला. मॅनेजरनं अटीचा कागद पुढे सरकवला. मी म्हणालो, "मालूम है. चिलर का काम नहीं करूंगा."

 तिसऱ्या दिवशी बायकोनं भाड्याच्या स्वस्त घरांची चौकशी सुरू केली. आता आम्ही दुबईबाहेर, अजमानला राहतो. मी एका शाळेच्या इमारतीची देखभाल पाहतो: नळ, दिवे, दारांची कुलुपं. पगार कमी आहे, दोन वर्षं सरायला अजून चौदा महिने आहेत. ज्यांनी बोलावलं होतं त्यांनी केव्हाच दुसरा माणूस घेतला. "पपा, डू यू लाइक इट देअर?" मुलीनं परवा विचारलं. काम असतं दिवसभर, एवढंच मी सांगू शकलो.

शाळेच्या गच्चीवर चिलर आहेत. ते बघायला बाहेरच्या कंपनीची माणसं येतात. दुसऱ्या नंबरच्या पंपाचं बेअरिंग जाणार आहे, ते मला जिन्यातूनच ऐकू येतं. मी त्यांना गच्चीची किल्ली देतो आणि खाली येतो.