पुढचा अंक जरा उशिरा काढा

गभनेसाहेबांनी फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मीही ऐकलं. पलीकडून बपेऱ्याचे कुणी डोमाजी बोलत होते. ‘साहेब, पुढचा अंक जरा उशिरा काढा जी. पहिलाच वाचून व्हाचा हाय माहा.’

फोन ठेवून साहेब पोट धरून हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? अंक लवकर काढा म्हणून मागे लागणारे लोक पाहिले होते. उशिरा काढा म्हणणारा हा पहिलाच.

गभनेसाहेब म्हणजे जवाहरनगरच्या फॅक्टरीतल्या निवृत्त कामगारांच्या एका संघाचे सचिव, आणि संघाच्या त्रैमासिकाचे संपादकही तेच. मी भंडाऱ्यात डिझाईनचं काम करते. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, झाडीपट्टीतल्या नाटकांची पोस्टर्स, येईल ते. त्रैमासिक आतापर्यंत नागपूरला व्हायचं, ते या वेळी माझ्याकडे आलं होतं. नमुना म्हणून साहेबांनी आधीचा अंक माझ्या टेबलावर ठेवला. गुळगुळीत चकचकीत कागद, फोटोवर छापलेला मजकूर, बारीक नाजूक अक्षर. दिसायला देखणाच होता. साहेबांचं म्हणणं एवढंच, की लेख जास्त आलेत, तर अक्षर आणखी थोडं बारीक करा. ‘वाचून कोण राहिलं मॅडम? फोटो पाहतात अन् ठेवून देतात.’

मी तशी तापट आहे. कुणी वाचत नाही म्हणालं की मला राग येतो, कारण मग मी इथे बसून काय करते? म्हटलं, साहेब, एक तर वाचून राहिला आहे ना. आता फोन आला त्याचा. त्याला बघायचं आहे मला. पुढच्याच आठवड्यात साहेबांना तुमसरला लग्नाला जायचं होतं. मी त्यांच्या गाडीत बसले, लग्न बाजूला ठेवलं आणि त्यांना गाडी आधी बपेऱ्याला न्यायला लावली.

डोमाजी सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचं वय, बांधा काटक. मांडीवर तोच आधीचा अंक आणि त्यावर एक पुठ्ठा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेऊन त्याला मधोमध एक फट कापली होती. फटीतून एकच ओळ दिसायची. पण डोमाजी त्या ओळीकडे पाहत नव्हते. ते पाहत होते अंगणातल्या तुळशीकडे, आणि ओठ हलत होते.

मी साहेबांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं डोकं बिघडलं की काय?

मग त्यांनीच सांगितलं. मोतीबिंदू कधीचा काढला होता, पण डोळ्याच्या आतला पडदा खराब झाला होता. समोर पाहिलं की मधलं सगळं पुसल्यासारखं व्हायचं. कडेचं मात्र दिसायचं. म्हणून नजर तुळशीवर ठेवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ओळ वाचायची. ऊन सरकलं की चकचकीत कागद चमकायचा, मग खाट सरकवायची. सकाळचा उजेड टिकेपर्यंत एखादं पान व्हायचं. फोटोवर मजकूर असला तर एकच पान दोन-दोन सकाळी खायचं.

तीन महिन्यांचा अंक या माणसाला तीन महिने पुरत होता. एक संपला की दुसरा दारात. या खेपेला फोटोंनी त्यांचा वेळ खाल्ला होता, म्हणून तो फोन.

मी विचारलं, नातू आहे ना घरी, तो वाचून दाखवत नाही का? ‘दाखवते ना बाई. पन थो पटपट वाचून मोकडा होते. थ्याचं वाचन होते, माहं नाही होत.’ फॅक्टरीत ते तपासणीच्या टेबलावर होते. एकाने पाहिलेला माल दुसऱ्याने पुन्हा पाहायचा, दुसऱ्याच्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, हीच नोकरी. तीच सवय अंगात राहिली होती.

मग त्यांनी मला पहिल्या लेखातलं काय काय आवडलं ते सांगायला सुरुवात केली. परसबागेवरचा लेख होता. वाक्यंच्या वाक्यं तोंडपाठ. मधल्या एका चौकटीतला मजकूर पुढच्या पानावर पुन्हा छापला गेला होता, तेही सांगितलं. मला ते दिसलंच नव्हतं. मी पंचवीस वर्षं लोकांसाठी अक्षरं मांडते आहे. आपण मांडलेल्या ओळीवर कुणी इतका जीव लावत असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बोलता बोलता त्यांनी खुंटीवरच्या पिशवीकडे बोट केलं. त्यात लाखोळीची डाळ होती, शहापूरच्या सदाशिवसाठी. सदाशिव म्हणजे त्यांच्या टेबलावरचा दुसरा माणूस. सगळी नोकरी दोघांनी शेजारी बसून केली. अंक वाचून झाला की त्याच्याकडे जायचं ठरलं होतं. सदाशिवचा फोन लागत नव्हता, पण तो असाच, फोन कुठेतरी ठेवून देणारा.

अंक मी चाळला होता. शेवटच्या पानावर श्रद्धांजली होती. काळ्या पानावर पांढरी अक्षरं, याला आमच्या धंद्यात रिव्हर्स म्हणतात. फोटोखाली नाव शहापूरच्या सदाशिवचंच होतं.

साहेबांचा चेहरा उतरला होता. नंतर त्यांनी मला सांगितलं, की डोमाजींना माहीत असेल असंच ते धरून चालले होते. सगळ्यांना अंक गेला होता ना. आमच्या लेखी, छापलं म्हणजे कळवलं.

शेवटी साहेबांनी खाटेवर बसून त्यांचा हात धरला. ‘डोमाजी, सदाशिवभाऊ गेले. दिवाळीच्या आधीच. अंकात आहे.’

डोमाजींनी मांडीवरचा अंक चाचपला. मग म्हणाले, ‘मी तेथवर पोचलो नाही अजून.’

घरातून सून पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली. मला रडू आलं, मी लपवलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी शेवटचं पान उघडलं, पुठ्ठा ठेवला, तुळशीकडे नजर लावली. अंक इकडे वळवला, तिकडे वळवला. त्यांना काहीही दिसेना. साहेब म्हणाले, मी वाचतो. ते नको म्हणाले. माझ्याकडे तोंड करून बोलले, ‘बाई, हे पान मले पांढऱ्यावर काडं करून देता काय?’

तुमसरचं लग्न साहेबांनी कसंबसं उरकलं. मी भंडाऱ्याला आले आणि कामाला लागले.

आधी वाटलं, यात काय आहे, अक्षर मोठं करू, जाड करू. करून पाहिलं. जाड केलं की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते, ‘ष’ आणि ‘प’ सारखेच दिसायला लागतात. मग मध्यम जाडी घेतली. ओळींमधलं अंतर वाढवलं. ओळीची दोन्ही टोकं सरळ रेषेत आणायला शब्द ताणतात, ते बंद केलं, कारण ताणलेल्या शब्दांमध्ये भगदाडं पडतात आणि पुढचा शब्द शोधावा लागतो. कागद घेतला तो न चमकणारा, किंचित पिवळसर. परसबागेच्या लेखाचा थोडा भाग लहान, मध्यम, मोठ्या अशा अक्षरांत छापला. तशाच तऱ्हेने सदाशिवचं पानही छापलं, पण ते पिशवीत तळाशी ठेवलं. आधी अक्षर ठरू दे, मग ते पान, असा माझा हिशेब होता.

कागद घेऊन पुन्हा बपेऱ्याला गेले, तर तो हिशेब डोमाजींनी लगेच मोडला. लेखाचा पहिला कागद हातात दिला आणि ते घडाघडा म्हणत सुटले. मला वाटलं, वा, काय अक्षर जमलं आहे. मग बघते तर कागद उलटा. ते गालात हसले. ‘हे त पाठ हाय बाई. यानं तुमची परीक्षा कशी होईन?’

खरंच होतं. त्या अंकातलं त्यांनी न वाचलेलं असं शेवटचं पानच उरलं होतं. मी पिशवीच्या तळाचे कागद काढले.

सगळ्यात मोठं अक्षर त्यांनी बाजूला सारलं. मी थक्क झाले. मग त्यांनी कारण सांगितलं. फार मोठं असलं की एका नजरेत अर्धाच शब्द मावतो, उरलेल्यासाठी पुन्हा डोळा फिरवावा लागतो. त्यांनी मधला कागद घेतला. पुठ्ठा लावला. एक ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसरीला त्यांनी पुठ्ठा काढून खाटेवर ठेवला. नजर तुळशीवर, बोट ओळीखाली. हळू, पण न अडखळता, मोठ्याने वाचत गेले. सदाशिवचं नाव, गाव, कोणत्या विभागात होता, मागे कोण आहे. साधाच मजकूर, साहेबांनी घाईत लिहिलेला. पण त्या सपरीत तो ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पाहतात ते तुळशीकडे आणि वाचतात मित्राला, हे मी समोर बसून पाहिलं आहे म्हणून खरं मानते.

शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं, सवयीप्रमाणे तपासून. कागदाची घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवली.

‘लिहिलं बराबर हाय,’ म्हणाले. ‘आता पुढचा अंक वेडेवर काढा.’

डाळीची पिशवी घेऊन ते नातवासोबत शहापूरला सदाशिवच्या बायकोला भेटून आले, असं नंतर कळलं.

पुढचा अंक वेळेवर निघाला. कागद न चमकणारा, अक्षर डोमाजींनी निवडलेलं, फोटोवर मजकूर कुठेही नाही. पानं वाढवणं परवडत नव्हतं, म्हणून लेख कमी घेतले. ज्यांचे लेख राहिले ते माझ्यावर अजून नाराज आहेत, असू देत. श्रद्धांजली शेवटच्या पानावरून उचलून पहिल्या पानावर आणली. एक-दोघांनी कुरकुर केली, की अंक उघडताच मरणाची बातमी काय देता. साहेबांनी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्ही बपेऱ्याला येऊन बसता काय.

आता नवं गिऱ्हाईक आलं, की अंक वाचकांना आवडतो का, असं मी विचारत नाही. सगळे हो म्हणतात. मी विचारते, वाचक कुठपर्यंत पोचतात?